एका काडीचा जोड

मेडशी, १९ जानेवारी १९३९

हेमलाचे बाबा यांस,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असाल. दोन वर्षं तुमची कार्डं हेमलाच्या नावाने येतात. मी ती तिला वाचून दाखवते. शेवटी ती विचारते, "आईले काय लिवलं?" मी सांगते, बाबांची जागा संपली. कार्डावर जागा किती असते हे तिला अजून समजत नाही, म्हणून निभतंय. तुम्ही मला लिहीत नाही, म्हणून मीही लिहिलं नाही. आजही लिहिलं नसतं, पण हेमला पडली आहे.

घाबरू नका. कडब्याच्या गंजीवरून पडली. उजवा हात कोपराच्या खाली मोडला. वर कशाला चढली होती म्हणाल, तर तुमच्याच कामासाठी. मागच्या कार्डात तुम्ही लिहिलंत की जाड भेंडाचा ज्वारीचा धांडा घे, त्याच्या आतल्या मऊ भेंडाचे दोन गोळे काप, सालीची एक काडी दोघांत खुपस, मग प्रत्येक गोळ्याला आणखी तीन-तीन काड्या लाव, झाला एक रेणू तयार. मी तिला हाताशी असलेला धांडा दिला, तर म्हणते भेंड बारीक आहे, बाबाले चालनार नाही. आणि माझी पाठ वळताच गंजीवर.

एक गोळा धरून दुसरा फिरवला की काड्यांची तोंडं बदलतात, वस्तू मात्र तीच राहते, हे तिने पडण्याआधीच शंभरदा करून पाहिलं होतं. शेजारच्या पोरांना बोलावून दाखवलं. मग तुम्ही सांगितलं तसा दुसरा जोड केला, एका काडीच्या जागी दोन काड्या शेजारी-शेजारी खुपसून. तो गोळा काही केल्या फिरेना. आत्याबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या, त्या सूप ठेवून उठून आल्या. स्वतः फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं माय! बांदूनच टाकलं की त्याले!" वाचता येत नाही, पण तुमचं कार्ड आलं की सगळ्यांत मन लावून त्याच ऐकतात. पोटचा मुलगा मेडशीत नाही, तर त्याची विद्या तरी ऐकावी असं त्यांना वाटत असेल. मला तसं वाटत नाही, मला राग येतो. त्यांच्याच तापापायी मी तेव्हा "पुढच्या महिन्यात निघू" म्हटलं होतं आणि तुम्ही "मग राहा इथंच" म्हणून बंगलोरला प्रयोगशाळेत निघून गेलात. राहिले मी.

असो. अनसिंगचा अमरसिंग हाडवैद आला होता. त्याने हात ओढून हाड बसवलं, आंबेहळदीचा लेप लावला आणि आतल्या बाजूने बांबूची एक कामटी ठेवून पट्टी गुंडाळली. जाताना बजावून गेला, "येकच कामटी ठेवली हाय, ढिली बांदली हाय. पोरगी मनगट वळवीन त वळवू द्या. बोटं पाहात जा. बोटं थंडी पडली का मले बलवा."

हेमलाने सांगितलंय की बाबांना लिही, मी रडली नाही. खूप रडली. तिला एक ओळ लिहा, आणि जागा उरली तर उरू द्या.

विजयमाला


मेडशी, २४ जानेवारी १९३९

हेमलाचे बाबा यांस,

माझं पहिलं पत्र तुम्हाला कालपरवा मिळालं असेल. हे दुसरं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

रिसोडहून निरोप आला की माझ्या वडिलांना दमा फार लागलाय, म्हणून हेमलाला आत्याबाईंवर सोपवून मी दोन दिवस तिकडे गेले. काल परत आले तर हेमलाच्या हाताला दोन कामट्या, एक आतून, एक बाहेरून, आणि पट्टी अशी आवळलेली की बोटं पट्टीतून टम्म वर आलेली. मला पाहून ती रडली नाही, नुसती कण्हली. अमरसिंग पुन्हा येऊन गेला असेल असं मला वाटलं. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "हाड जुळून राह्यलं, दुखनारच ना थोडं." बोलताना माझ्याकडे पाहत नव्हत्या.

मी पट्टी सोडायला बसले तेव्हा मामंजींनी हात धरला. तुम्हाला तुमच्या घरची रीत माहीत आहे. "ज्यानं बांदलं त्यानंच सोडावं. दुसऱ्याचा हात लागला का हाड सुटते." मी म्हटलं, बोटं निळी पडलीत. म्हणाले, "लेप हाय तो." आंबेहळदीचा लेप निळा कधीपासून झाला, हे मी विचारलं आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. शेवटी अनसिंगला माणूस पाठवला. तो हात हलवत परत आला. अमरसिंग बहिणीकडे लग्नाला गेलाय, दोन-तीन दिवसांत येईल म्हणतात.

तुमचं नवं कार्ड मधल्या काळात आलं, अर्थात हेमलाच्या नावाने. तिला झोप लागत नव्हती म्हणून वाचलं. एका काडीवरचा गोळा गाडीच्या चाकासारखा मोकळा फिरतो असं सगळे समजत होते, पण दोन-तीन वर्षांपूर्वी परदेशात कोणी उष्णता मोजून पाहिली आणि तसं नाही असं निघालं. टोकाकडून पाहिलं तर पुढच्या तीन काड्या मागच्या तिघींच्या मधल्या फटींत असल्या की रेणू सुखात असतो. पुढची काडी मागचीच्या बरोबर समोर आली की ताण पडतो. एका फेऱ्यात असं तीनदा. मी तिला म्हटलं, आपल्या जात्याला नवी टाकी लावली की खुंटा मध्येच अडतो ना, तसं. पण ढकललं की फिरतं. ती म्हणाली, "मंग त्याले मोकळंच ठेवा लागते, नाही का आई?"

मी हो म्हटलं. तिला ताप आहे.

विजयमाला


मेडशी, २७ जानेवारी १९३९

हेमलाचे बाबा यांस,

हे पत्र वाचल्यावर दुसरं काही करू नका. उठा आणि तारघरात जा.

अमरसिंग काल आला. पट्टीची गाठ पाहिली आणि थबकला. माझ्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं, आणि सोडायला बसला. दुसरी कामटी काढून बाजूला ठेवली. खाली हात काळा पडला होता. बोटं तर वाळली होती. त्याने एकेक बोट दाबून पाहिलं आणि हेमलाला विचारलं, "समजते का बेटा?" ती म्हणाली, "काय?" तो उठून बाहेर गेला. ओट्यावर बसून रडला. मामंजींनी त्याला शिव्या घातल्या आणि गावात पाय ठेवू नको म्हणून हाकललं. तो का उलटून बोलला नाही, दुसरी कामटी कोणाची, हे आता विचारू नका. त्याने हात परत येणार नाही.

मी तिला बैलगाडीने मालेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, अकोल्याला न्या, हात कापावा लागेल, उशीर केला तर विष वर चढेल आणि पोर जाईल. मामंजी सोबत होते. तिथेच म्हणाले, "हात तोडलेली पोरगी कोनाच्या घरी देऊ? तिचा बाप जिता हाय. तो म्हनीन तवा पाहू." आणि गाडी परत मेडशीला वळवली. वाशीमला माणूस पाठवून तुम्हाला तार करा म्हटलं तर म्हणाले, पत्र टाक, तारेनं लोकायले समजते.

म्हणून पत्र टाकते. तुम्ही त्यांच्या नावाने तार करा. माझ्या नावाने केलीत तर ते ऐकणार नाहीत. एवढंच लिहा: हात कापा. मला माहीत आहे की बापाला हे दोन शब्द लिहिता येत नाहीत. मला तरी कुठे लिहिता आले, पण लिहिले ना वर.

तुमचा माझ्यावरचा राग जिथे आहे तिथे राहू द्या. तो मी मागाहून सोसेन. हेमला जगली पाहिजे.

विजयमाला


मेडशी, ३० जानेवारी १९३९

तार आली नाही. येणार कशी, माझं पत्र अजून टपालाच्या पिशवीतच असेल. हे मला कळतं, तरी रस्त्याने सायकल गेली की मी दारात जाते.

खोलीत वास येतो. कडुलिंबाचा पाला जाळते, त्याने काही होत नाही. हेमला मधूनच शुद्धीवर येते आणि विचारते, मह्या हातावर कोनी बसलं का.

तार नाही, पण तुमचं कार्ड आलं, माझं पहिलं पत्र मिळण्याआधी टाकलेलं. तुम्ही मजेत आहात. प्रत्येक गोळ्यावरची एक काडी काढून तिथे जड क्लोरीन बसवलाय आणि त्याची वाफ तापवून मोजताय. थंडीत ते दोन जड मणी एकमेकांपासून लांब तोंड करून बसतात, ऊब दिली की काही रेणूंत वळून जवळ येतात, असं लिहिलंय. खाली चित्र काढलंय आणि "समजलं का गं हेमला?" असं विचारलंय. नाही समजलं तिला. ती वातात होती. मला समजलं. कार्ड फाडणार होते, पण तिच्या नावाचं आहे म्हणून ठेवलं.

उद्या सकाळच्या मोटारीने मी तिला अकोल्याला नेते आहे. तुमच्या हो-नाहीची वाट पाहत नाही. मामंजी आत्ताच दारात आडवे उभे राहून म्हणाले, "मह्या घरातून पाऊल काढशीन त परत ये नको." मी काही बोलायच्या आत आत्याबाई पुढे झाल्या. त्यांना मी मामंजींसमोर मान वर करताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "मले आडवा. तिले नोका आडवू. मी बी जाते संगं." मामंजी म्हणाले, "तुले काहून एवढं?" त्या म्हणाल्या, "मलेच त हाय." आणि लुगड्याची घडी पिशवीत भरू लागल्या.

विजयमाला


अकोला, ४ फेब्रुवारी १९३९

हेमला जिवंत आहे.

हात कोपराच्या वर कापला. चार दिवस आधी आणली असती तर कोपर वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर आत्याबाईंनी अंगठा दिला. आईची सही चालते का, हे मी विचारेपर्यंत त्यांनी अंगठा शाईत बुडवलाही होता. नंतर दिवसभर तो पुसला नाही. नळ दाखवला तरी गेल्या नाहीत.

तुमची तार मेडशीला पोचली. मोटारवाल्याने आणून दिली. "मी येतो. येईपर्यंत हात कापू नये." मी ती वाचून आत्याबाईंना सांगितलं की जगदेव येतो म्हणतात. पुढचं सांगितलं नाही. हो, तुमचं नाव घेतलं मी. तसल्या वेळी आठवत नाही.

त्या रोज दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन बसतात. या.

विजयमाला


मेडशी, १२ मार्च १९३९

हेमलाचे बाबा यांस,

तुम्ही आला नाहीत. पत्र आलं. दोन वर्षांनी मला लिहिलेलं पहिलं पत्र, आणि त्यात "तिला तशी पाहवणार नाही, म्हणून स्टेशनवरून परत फिरलो" असं वाक्य. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आम्हाला पाहवतं, असं तुम्हाला वाटतं का? मी तिची वेणी घालते, तिच्या झंपराची बाही आत दुमडून शिवते. पहिल्या आंघोळीला तिने साबणासाठी नसलेला हात पुढे केला तेव्हा मी तिथेच होते. पाहवत नाही. पाहतो.

एवढंच असतं तर मी उत्तर लिहिलं नसतं. पण तुम्ही मामंजींनाही लिहिलंय की अमरसिंगवर फिर्याद करा, त्याला तुरुंगात घाला, लागेल तो वकील मी देतो. अकोल्याहून आलो तेव्हा आत्याबाईंमुळे मामंजींनी मलाही घरात घेतलं, पण उद्या ते वाशीमला निघालेत. इकडे त्याच्याकडे आता कोणी हात दाखवायला जात नाही. अनसिंगच्या बाजारात त्याच्या बायकोच्या अंगावर लोक थुंकले. म्हणून जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मामंजींना आज संध्याकाळी मी स्वतः सांगणार आहे. तुम्हालाही माझ्याकडूनच कळू द्या.

दुसरी कामटी तुमच्या आईने बांधली.

मी रिसोडला गेले तेव्हा हेमला सारखी मनगट वळवत होती, वळवलं की ओरडत होती. आत्याबाईंना वाटलं, वळतं म्हणून दुखतं, आणि वळलं तर हाड वाकडं जुळेल. अमरसिंगने ढिलं का ठेवलं ते त्यांना उमगलं नाही. पण एका काडीवर गोळा फिरतो आणि दोन काड्या घातल्या की जागचा हलत नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने पाहिलं होतं. तुम्ही लिहिलं, मी वाचलं, त्यांनी ऐकलं. मग माळ्यावरची बांबूची कामटी काढली, लुगड्याची किनार फाडली आणि जीव लावून आवळून बांधली. मामंजींना वाटलं वैद येऊन गेला. आत्याबाई घाबरून गप्प राहिल्या. अमरसिंगने गाठ पाहताच ओळखलं, ती बाईमाणसाची गाठ होती. त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मला त्यांनी मोटारीत सांगितलं, पातूरच्या घाटात, हेमलाचं डोकं मांडीवर घेऊन. "मह्या जगदेवनं सांगतलं थे खोटं असन का? दोन काड्या लावल्या का फिरत नाही. मी त्याचंच आयकलं वं." मी त्यांना काय सांगणार? तुमचं खोटं नव्हतंच. धांड्याच्या भेंडात रक्त वाहत नाही, एवढंच तुम्ही लिहिलं नव्हतं, आणि ते कोणी लिहीतही नाही. मला त्यांचा राग आला, अजून येतो. रोज भाकरी वाढताना येतो. आणि तरीही त्या जेवल्या नाहीत तर मी जेवत नाही.

तेव्हा फिर्याद करायचीच तर कोणावर ते ठरवा. मामंजींना तसं लिहा.

आता हेमलाचा निरोप. तिने मला लिहायला बसवलंय, मी तिच्याच शब्दांत लिहिते. "बाबा, येका हातानं फिरत नाही." तिने कोनाड्यातला तो जुना जोड काढला, एका काडीचा. डाव्या हाताने एक गोळा धरून वळवला तर दुसरा गोळाही त्याच्याबरोबर वळला. पुन्हा वळवला, पुन्हा तेच. काड्यांची तोंडं जशीच्या तशी. दातात धरून पाहिला तर भेंड चिरडायला लागलं. मग माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "आई, सगळंच फिरते. आकार बदलतच नाही. दुसरं टोक कोनीतरी धरा लागते." हे तुमच्या कार्डांत कुठेच नव्हतं. तुम्हाला दोन हात आहेत, तुमच्या लक्षात यायचं कारण नाही.

मी चुलीपाशी होते, माझे हात पिठाचे. म्हटलं, थांब. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अकोल्याहून आल्यापासून त्या तिला हात लावत नव्हत्या. जेवण माझ्या हातून देत, पाणी माझ्या हातून. हेमला थांबली नाही, तशीच त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि एक गोळा त्यांच्या पुढ्यात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पीठ मळत राहिले. मग त्यांनी दोन बोटांत तो गोळा धरला. निसटू नये म्हणून दुसरा हातही लावला आणि डोळे मिटून घेतले.

हेमला फिरवायला लागली. फिरेना.

"आजी," ती म्हणाली, "घट्ट नोको धरू वं."

विजयमाला